शेपूट कापलेला जे

काटेरी इंग्रजी अक्षर मागायला येणारा माणूस कधी सरळ उभा राहत नाही. एक पाय पायरीवर, एक हात कमरेवर, गालात मावा आणि मान अशी वाकडी की बघणाऱ्याचीच मान दुखावी. लग्नाच्या गाडीवर नावं टाकायला आलेला बिचारा "ताई, तेवढं बघा की" म्हणतो. शाळेची व्हॅन चालवणारा स्पेलिंग दोनदा विचारून घेतो. काटेरीवाला मात्र बापजाद्यांनी दुकान बांधून दिल्यासारखा बोलतो. "ए, ते डॉनचं अक्षर टाक काचेवर. मोठ्ठं टाक. मागच्याला घाम फुटला पायजे."

इफ्रा असल्यांना लांबूनच ओळखायची आणि मनातल्या मनात दोन शिव्या हासडून कामाला लागायची. जुन्या विजापूर नाक्याजवळ ‘गौस आर्ट्स अँड रेडियम’ हे तिच्या बापाचं दुकान. रेडियम म्हणजे गाड्यांवर चिकटवायचा रंगीत चिकट कागद. तो अंधारात चमकत नाही, पण सोलापुरात त्याचं नाव रेडियमच. गौस पेंटरनं तीस वर्षं ब्रशनं ट्रकांच्या पाट्या रंगवल्या. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हात काही ऐकेना. तेव्हा ब्रश डब्यात गेला, कापायचं मशीन आलं, आणि कॉम्प्युटरवर बी.ए. झालेली पोरगी बसली.

हात गेला तरी गौसचं तोंड आणि डोळे शाबूत होते. काटेरी अक्षरावर तर तो तासभर बोलायचा. "बेटा, हे डॉनचं नाही, मोठ्या पंडितांचं अक्षर आहे. माझे अब्बा उर्दू लिहायला बोरूचं टोक जसं तिरपं कापायचे ना, तशाच कलमाचं. बघ, उभी रेघ खांबासारखी जाड. तीच कलम आडवी फिरली की केसासारखी बारीक. डोक्याला आणि पायाला तिरका ठिपका, म्हणून टोचल्यासारखं दिसतं. विलायतेत देवाची पुस्तकं लिहायचे यानं. आता बघा, बिअरच्या बाटलीवर, जिमच्या भिंतीवर आणि हातावर गोंदायला." मग शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. "पण पहिलं अक्षर तेवढं यात टाकावं. सगळं नाव यात लिहिलं तर लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही. गौस पेंटर सोडून."

ही बढाई नव्हती. कुणाची चिठ्ठी असो, घासलेली पाटी असो, गौस वाचून दाखवायचा. नाक्यावरचे मेडिकलवाले सुद्धा डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की त्याच्याकडे पोरगं पाठवायचे.

या अक्षराचा पहिला आय इफ्रानं स्वतःच्या स्कूटीवर लावला होता. आय म्हणजे इफ्रा. वीतभर, पांढरा, सुरेख. तो इंद्रजीतला आवडला. इंद्रजीत उजनीच्या बॅकवॉटरकाठचा, केळीचा बागायतदार. चिंचोळी एमआयडीसीत त्याची एक शेड होती, तिथं केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके तयार व्हायचे. दुकानात आला की केळीची एक फणी टेबलावर ठेवल्याशिवाय बोलायला सुरुवात करायचा नाही. "ताई, आमचा बी आयच की. इंद्रजीतचा. आमच्या जीपच्या मागं असाच टाका, पर जरा मोठा." काटेरी मागूनही हात जोडणारा हे एकटंच गिऱ्हाईक. इफ्रानं त्याच्या काळ्या जीपच्या मागच्या काचेवर हातभर आय बसवला आणि लांब जाऊन दोनदा बघितला.

ती जीप दुकानासमोर उभी असतानाच जालिंदर आला. त्याचीही जीप काळी, तीच कंपनी. वाळूच्या धंद्यातला माणूस, रोज चारला बार्शी रोडच्या ढाब्यावर बसणारा, बरोबर दोन पोरं. त्यानं इंद्रजीतची काच बघितली आणि म्हणाला, "मला बी सेम. जालिंदरचा जे."

इफ्रानं कॉम्प्युटरवर जे दाबला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. या अक्षराच्या जुन्या घराण्यात आय आणि जे ही जुळी भावंडं आहेत. तीच मान, तेच पोट, तोच खालचा बाक. एकमेकांशेजारी ठेवली तर आईलाही ओळखता येऊ नयेत. म्हणून तिनं डोकं चालवलं आणि जेच्या बुडाला डावीकडे वळणारी बोटभर शेपूट काढली. गौसनं मान हलवून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी जे काचेवर चढला.

जालिंदरनं मागं जाऊन बघितलं आणि त्याचं तोंड फिरलं. "ही शेपूट कुणाला लावली बे? मी काय कुत्रं हाय?"

"दादा, शेपूट नाही लावली तर तो आय दिसतो. ती दुसरी गाडी आली होती ना, तिच्यासारखा..."

"त्याला न्हाय, मग मला का?"

गौस मध्ये पडला. हसतच म्हणाला, "साहेब, अक्षराचा कायदा असतो." जालिंदरनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात मागं फिरवला आणि गौसच्या तोंडात दिली. त्या आवाजानं शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला आणि जालिंदरच्या पोरांकडे बघून परत खाली बसला. गौसचा चष्मा गटारीच्या कडेला जाऊन पडला. जालिंदरनं टेबलावरचा कटर उचलला, कट्‌कट्‌ करत त्याचं पातं बाहेर काढलं आणि इफ्राच्या नाकासमोर धरलं.

"काप."

इफ्रानं कापली. राग तिनं दातांत धरला होता. शेपूट सोलून निघाली, पण उन्हानं तापलेल्या काचेवर तिचा गम राहिला. असा गम पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचा असतो. शिकाऊ पोरालाही ते कळतं. इफ्रानं फडकं उचललं, बापाकडे बघितलं, तो गुडघ्यावर बसून चष्मा शोधत होता, आणि फडकं परत खाली ठेवलं. आता काच स्वच्छ दिसत होती. पण दोन दिवस सोलापूरची धूळ खाल्ली की गमावर धूळ बसणार आणि शेपूट आपोआप परत उगवणार होती. फीर भडव्या शेपूट घेऊन, असं ती मनात म्हणाली. त्या दिवशी तिला त्याच एका विचारानं जेवण गेलं.

या गोष्टीला दोन महिने झाले. मे उजाडला. सोलापूरचा मे म्हणजे डांबराला पाय चिकटतात आणि माणसांची डोकी तर आधीच तापलेली असतात. बार्शी रोडवर एका पोरानं मोटरसायकलवरून जीपला साइड दिली नाही, एवढंच कारण. जीपनं त्याला धडक देऊन पाडलं. पोरगं उठून शिवी देतंय न देतंय तोच जीप थांबली आणि रिव्हर्समध्ये मागं आली. दोन्ही पायांवरून गेली, मग तशीच पुढं निघून गेली. मागच्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. तो इतका हलत होता की जीप काळी आहे एवढंच कळत होतं. नंबरप्लेटवर फुलांचा हार लोंबत होता. पोराचं नाव भीमा. व्हिडिओतलं त्याचं ओरडणं इफ्रानं एकदा ऐकलं आणि नंतर आवाज बंद करूनही ते तिच्या कानातून जाईना.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी इफ्रा सात रस्त्याला एका गाडीचं काम पोचवून परत आली, तर गौस खुशीत होता.

"बेटा, गौस पेंटर अजून मेला नाही. चौघं आले होते. एक कागद दाखवला. दहा दुकानं फिरले म्हणाले, कुणाला अक्षर लागेना. मी बघितल्या बघितल्या सांगितलं."

"काय सांगितलं?"

"आय आहे म्हटलं. असलाच त्यांना गाडीवर टाकायचा होता. आधी कुणाच्या गाडीवर टाकलाय ते विचारलं, नीट बघून येतो म्हणाले. इंद्रजीतचं नाव सांगितलं. चिंचोळीत खोक्याची शेड आहे म्हटलं. बरे होते पोरं. उसातले असतील, सीटखाली कोयते दिसले."

इफ्राच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "ऊस फेब्रुवारीत संपला, अब्बा."

कागद टेबलावरच होता. त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला होता आणि कागद विसरून गेले होते. दवाखान्याच्या औषधाची चिठ्ठी, वर पेशंटचं नाव: भीमा. मागच्या बाजूला डाव्या हातानं काढल्यासारखं एक वेडंवाकडं अक्षर होतं. जीप अंगावर येताना पोरानं जे बघितलं ते त्यानं काढलं होतं. जाड पोट, टोचणारी मान. आणि अक्षराच्या खाली, डावीकडे वळत गेलेले पेनाचे ठिपके. बघणाऱ्याला वाटावं हात हलला असेल. इफ्राला ते ठिपके कसले आहेत हे एका क्षणात कळलं. ती धूळ होती. ती शेपूट होती.

"अब्बा, हा जे आहे! जालिंदरचा आहे हा! चोर सोडून संन्याशाला सुळावर देतील ते!"

इंद्रजीत फोन उचलेना. इफ्रानं कागद ओढणीच्या टोकाला बांधला आणि स्कूटी काढली. मागून गौस ओरडत होता, "बेटा, नको जाऊ! नको!" पुणे रोडला लागेपर्यंत तिनं एकही सिग्नल पाळला नाही. चिंचोळी पंधरा-सोळा किलोमीटर. गरम वारा तोंडावर चुलीच्या झळेसारखा लागत होता आणि ती स्वतःला, बापाला, जालिंदरला आणि त्या परदेशी पंडितांना सगळ्यांना शिव्या घालत होती. जुळी अक्षरं काढायला सांगितली होती कुणी मेल्यांना?

शेडच्या फाटकाबाहेर खोके दुमडणाऱ्या बायका घोळका करून उभ्या होत्या. त्यांतली बजाबाई, वयस्कर बाई, तिच्या आडवी आली. "आत नगं जाऊ पोरी. मारत्यात त्याला. आमी पोलिसांना फोन केलाय, पर कवा येतील कुणाला ठावं."

इफ्रा आत गेली.

इंद्रजीत अंगणात धुळीत पडला होता. एक कान फाटून गालावर लोंबत होता. उजव्या पायाची नडगी मधेच वाकली होती. पाय तिथं वाकत नसतो, म्हणून इफ्राला आधी ते काय आहे तेच कळलं नाही. लोखंडी पाइप घेतलेला एक जण त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा होता. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसलेला माणूस कोयता मांडीवर ठेवून घाम पुसत होता. तो युवराज, भीमाचा थोरला भाऊ. त्याचे डोळे रडून रडून सुजलेले होते. इफ्राला त्या डोळ्यांचीच जास्त भीती वाटली.

"आई शपत, मी त्या दिवशी बार्शी रोडला न्हवतोच," इंद्रजीत दातांतून रक्त थुंकत म्हणाला. "बागंत होतो. विचारा की गावात कुणाला बी."

"अक्षर तुझंच हाय न्हवं?" युवराज म्हणाला. "माझ्या भावाचं दोन्ही पाय कापलं डॉक्टरनं. दोन पायाला दोन पाय. एक झाला. दुसरा तुझीच गाडी घील." त्यानं मान वळवून हाक मारली. "घे रं मागं!"

इंद्रजीतचीच जीप. आत त्यांच्यातलाच एक बसला होता. इंजिन चालू झालं, रिव्हर्सचं टीं-टीं वाजायला लागलं आणि ती काळी काच हळूहळू मागं येऊ लागली. काचेवर इफ्रानं बसवलेला हातभर पांढरा आय होता. पाइपवाला बाजूला सरला. इंद्रजीत हाताच्या कोपरांवर सरपटायला लागला, पण मोडलेला पाय त्याला ओढू देईना. त्याच्या तोंडून जो आवाज आला तो व्हिडिओतल्या आवाजासारखाच होता.

इफ्रा मध्ये जाऊन उभी राहिली. दोन्ही हात काचेवर आपटून ओरडली, "थांब! थांब मेल्या!" जीप तिच्या पोटाला टेकून थांबली.

"ए, बाजूला हो!" युवराज उठला.

"हे ते अक्षर नाही! ते जे आहे. हा आय आहे!"

"आमाला एबीसीडी शिकवायला आली व्हय? तुझा बापच बोलला, आय हाय म्हून."

"बाप चुकला! तुमच्या भावानं खाली ठिपके काढलेत ते बघा! ती शेपूट आहे, मी कापलेली! ती कापली तरी गम राहतो, त्याच्यावर धूळ बसते! या काचेवर शेपूट कधी नव्हतीच!"

कुणाला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? रेडियमचा गम हा काय कोयता घेऊन आलेल्यांना समजावायचा विषय आहे? तेव्हा इफ्रानं खाली वाकून दोन्ही मुठी धुळीनं भरल्या आणि काचेवर फेकल्या. आयच्या खालच्या जागेवर, डावीकडे, जिथं शेपूट असती तिथं. मग तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारली. धूळ घसरून पडली. काच कोरी.

"बघा. काही नाही. आता हे बघा." तिनं नखानं आयचं बूड उचकटलं आणि टर्रकन एक तुकडा सोलून काढला. पुन्हा धूळ फेकली, पुन्हा फुंकर मारली. सोललेल्या जागी धूळ चिकटून राहिली होती. तुकड्याचा आकार जसाच्या तसा, मळकट, स्पष्ट. "शेपूट असती तर अशी दिसली असती. तुमच्या भावाला दिसली होती तशी."

युवराजनं खिशातून मोबाइल काढला. भीमाच्या कागदाचा फोटो मोठा करून बघितला. ठिपके बघितले, काच बघितली, मग खाली पडलेल्या इंद्रजीतकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज आली असं इफ्राला वाटलं. आली असेलही, पण ती कोयता खाली ठेवण्याइतकी नव्हती.

"मग शेपटीवाला कोण?"

"पोलिसांना सांगते. आधी यांना दवाखान्यात न्या."

"कोण हाय?"

"पोलिसांना सांगते."

युवराजनं तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि पुठ्ठे कापायच्या फळीवर दाबला. पाइपवाल्यानं तिचा खांदा धरला. फळीवर जुन्या कापांच्या रेघांचं जाळं होतं. त्यावर तिची बोटं पसरली. "कापनारा हात हाच न्हवं?" युवराज हळू आवाजात म्हणाला. "माझं भांडण तुझ्याशी न्हाय. पर भीमा माझ्या मांडीवर वाढलाय. नाव सांग."

इफ्राला नाव सांगायचं नव्हतं. जालिंदरवर तिची माया होती म्हणून नव्हे. समोर कान फाटलेला माणूस पडला होता, आणि हे लोक ज्याच्याकडे जातील त्याचं काय करतील ते तिला त्याच्या नडगीवर दिसत होतं. तिनं डोळे मिटले. कोयत्याचं गार पातं मनगटाला लागलं. भीतीनं तिच्या सलवारीत ओल झाली आणि त्याचीसुद्धा तिला लाज वाटली नाही.

"जालिंदर!"

फाटकातून आवाज आला. शेजारच्या कासीमच्या रिक्षातून गौस अर्धा उतरला, अर्धा पडला होता. अनवाणी. थरथरणारा हात पुढं करून तो धावत येत होता. "जालिंदर! वाळूवाला! जे आहे तो, जे! बार्शी रोडच्या ढाब्यावर बसतो, रोज चारला बसतो! छोड दो उसकू! मेरी बेटी है, छोड दो!"

युवराजनं हात सोडला. कोयता घेतला आणि काही न बोलता निघाला. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताना बायका बाजूला झाल्या. सगळं अगदी शांतपणे झालं. गौस पोरीचा हात दोन्ही हातांत धरून पुन्हा पुन्हा बोटं मोजत होता.

"का बोललात, अब्बा?"

"तेरा हात था, बेटा."

इंद्रजीतला चौघी बायकांनी पुठ्ठ्यावर घालून कासीमच्या रिक्षात चढवलं. इफ्रा मागं उभी राहिली. मोबाइलमध्ये जालिंदरचा नंबर होता, गिऱ्हाईक म्हणून ठेवलेला. पळ, ते येतायत, एवढं सांगायला किती वेळ लागतो? तिनं नाव काढलं. अंगठा त्यावर गेला. तेवढ्यात तिला गटारीच्या कडेचा चष्मा आठवला, मग व्हिडिओतलं ओरडणं आठवलं, आणि अंगठा तिथंच थांबला. किती वेळ थांबला ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. शेवटी तिनं पोलिसांचा नंबर फिरवला आणि बार्शी रोडच्या ढाब्यावर माणसं पाठवा एवढंच सांगितलं, तेव्हा पावणेचार वाजले होते.

चार वाजून दहा मिनिटांनी ढाब्यावर, भर उन्हात, वीस माणसांच्या देखत जालिंदरला तोडला. जेवणारे ताटं सोडून पळाले. तो बाजेवरून उठला, जीपपर्यंत पळाला आणि दार उघडायच्या आत खाली पडला. आधी पाय गेले. मग त्यांनी त्याला थोडा वेळ ओरडू दिला. पहिला पोलीस पोचला तेव्हा मागच्या बंपरला पाठ लावून बसलेला जालिंदर संपलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दुकानात आले. बरोबर दोन हवालदार. त्यांनी टेबलावर एक फोटो ठेवला. जालिंदरच्या जीपची मागची काच. बार्शी रोडची धूळ, त्यावर उडालेलं रक्त, पांढरं काटेरी अक्षर, आणि त्याच्या बुडाशी डावीकडे वळलेली मळकट शेपूट. फोटोशेजारी त्यांनी भीमाची चिठ्ठी ठेवली. ती काल शेडमध्ये पडलेली सापडली होती.

"चौघंही फरार आहेत," फौजदार म्हणाले. "ढाब्यावरच्या एकानंही तोंड बघितलेलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यात ऊन होतं म्हणे. शेडमधल्या बायका काही बोलत नाहीत. इंद्रजीत अजून शुद्धीवर नाही. ही चिठ्ठी घेऊन कोण आलं, कुणी वाचली, नाव कुणी दिलं, हे तुम्हीच सांगू शकता." त्यांनी चिठ्ठी गौसकडे सरकवली. "काय हो पेंटर? हे कोणतं अक्षर?"

गौसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या डोक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, तीस वर्षांपूर्वीची, एकही रेघ न हललेली. सकाळी दुकान उघडताना शटरच्या फटीत कुणीतरी कोयत्याचं पातं कागदात गुंडाळून ठेवलं होतं. ते दोघांनी बघितलं होतं आणि गौसनं ते ब्रशच्या डब्यात टाकलं होतं.

"साहेब," गौस म्हणाला, "मला वाचायला येत नाही."

हवालदार फिस्सकन हसला. फौजदारांनी पाटीकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. गौसची मान खाली होती. पडलेला चष्मा शोधताना बसला होता, तसाच आताही बसला होता. जालिंदरच्या थपडेनं जे झालं नव्हतं ते आता झालं, असं इफ्राला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचा राग आला, दया आली, आणि दोन्हींपेक्षा जास्त स्वतःचा राग आला. आज हे एक वाक्य चाललं तर उद्या इंद्रजीत उठेल, कुबडी घेऊन फणी द्यायला येईल आणि विचारेल, ताई, माझा पाय कुणी मोडला ते तुमी सांगितलं का? तेव्हा काय सांगायचं, मलाही वाचता येत नाही?

"तू ग?" फौजदारांनी विचारलं. "तुला येतं का वाचायला?"

"बेटा," गौस हळूच म्हणाला. "नको."

इफ्रानं चिठ्ठी आपल्याकडे ओढली. भीमाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग टेबलाखालून पेट्रोलची बाटली आणि फडकं काढून फौजदारांसमोर ठेवलं. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

"सगळं सांगते. कोण आले, काय बोलले, कोयता कुणाच्या हातात होता. अब्बांनी दोन नावं सांगितली तेही सांगते," ती म्हणाली. "पण ते नंतर लिहा. सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झाली. फडकं माझ्या हातात होतं आणि मी मुद्दाम गम पुसला नाही. तिथनं लिहा, साहेब."